दोन भाषांच्या अंगणात वाढणारी मुले

त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावलेली गोदावरी नाशिक, पैठण, नांदेड असा मराठी मुलखाचा दीर्घ प्रवास करून बासरपाशी तेलंगणात प्रवेश करते आणि पुढे आमच्या मंचेरियलच्या दक्षिण अंगास येऊन पोहोचते. नाशिकचा जुना रहिवासी तिला ‘गंगा’ म्हणतो, येथील शेतकरी तिला ‘गोदारी’ म्हणतो. गुरू सिंह राशीत आला म्हणजे नाशिकास सिंहस्थ भरतो व खाली तेलुगू गावांच्या घाटांवर पुष्करम्. २०१५ साली जुलैच्या एकाच पंधरवड्यात हे दोन्ही मेळे सुरू झाले होते. नदी एक, आकाशातील ग्रह एक. नावे मात्र दोन. नदीस या दोन नावांचा काही त्रास होत नाही. पण ज्या बालकास घरात एका नावाने हाक मारतात आणि दाराबाहेर दुसऱ्या भाषेत बोलावतात, त्याचे काय होते, हा विचार या लेखात आम्ही वाचकांपुढे मांडणार आहोत.

हा प्रश्न पुस्तकी नव्हे. मंचेरियल, मंदामर्री, बेल्लमपल्ली या कोळशाच्या पट्ट्यात आणि आसिफाबाद, आदिलाबादकडील कापसाच्या शिवारांत मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. त्यांची मुले तेलुगू शाळेत जातात, तेलुगू सवंगड्यांशी खेळतात, आणि सायंकाळी घरी येऊन आईशी मराठी बोलतात. काही वर्षे हे सुरळीत चालते. मग एके दिवशी मूल आईला बजावते, “शाळेत आलीस तर माझ्याशी मराठीत बोलू नकोस.” हे वाक्य आम्ही एकाहून अधिक मातांच्या तोंडून ऐकले आहे. ते सांगताना त्यांचा आवाज हलतो. आपल्या लेकराने आपली लाज धरली, असे त्यांस वाटते. लेकरू मात्र आईची लाज धरीत नसते. ते फक्त चारचौघांसारखे दिसावयास धडपडत असते.

सरहद्द घरावरून गेली

आपल्या भागातील मराठी माणूस ‘परका’ कसा झाला, हे आधी समजून घेतले पाहिजे. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत आदिलाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात तेलुगू, मराठी, कानडी या रयतेच्या भाषा होत्या आणि दरबारची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणही उर्दूतून दिले. म्हणजे त्या काळचा मराठी मुलगा घरात मराठी, बाजारात तेलुगू व वर्गात उर्दू अशा तीन घरांत वावरत असे.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली आणि जुने हैदराबाद तीन राज्यांत वाटले गेले. आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा व किनवट हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्याकडे गेले. उलट, नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा व कुबीर ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे आली. ज्या शेतकऱ्याने आपल्या ओसरीवरून पाऊलही बाहेर टाकले नव्हते, तो एका रात्रीत दुसऱ्या राज्याचा नागरिक झाला. तो कोठे गेला नाही. सरहद्दच त्याच्या घरावरून गेली. २०१४ साली तेलंगण राज्य झाले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले व मंचेरियल त्यांतील एकाचे मुख्य ठाणे बनले. माणसांची वस्ती तीच राहिली, पाट्या तेवढ्या बदलत गेल्या.

या फेरबदलाचा भार आदिवासी मुलांवर सर्वांत अधिक पडला. आदिलाबादच्या गोंडांची घरची भाषा गोंडी. परंतु बाहेरच्या जगाशी त्यांचा व्यवहार बहुतांशी मराठीतून चाले. १९४० साली कुमराम भीम मारला गेल्यानंतर निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञास या प्रदेशाचा अभ्यास करण्यास पाचारण केले. त्यांच्या प्रेरणेने १९४३ साली मारलावाई या गावी गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले आणि गोंडी वाचनमाला देवनागरी लिपीत छापण्यात आली, कारण ती लिपी या लोकांच्या नजरेखालची होती. १९५६ नंतर कारभाराची व शाळेची भाषा तेलुगू झाली, आणि एका पिढीने शिकलेली अक्षरे पुढच्या पिढीच्या उपयोगी पडेनाशी झाली. बाप देवनागरी वाचतो, मुलगा तेलुगू वाचतो, आणि दोघेही बोलतात गोंडी: अशी घरे आजही आहेत.

आणखी एक नवल येथून फार दूर नाही. महाराष्ट्रातील जिवती तालुका व तेलंगणातील केरामेरी मंडळ यांच्या सीमेवर डोंगरात चौदा गावे अशी आहेत की त्यांवर दोन्ही राज्यांनी आपला दावा सांगितला. परिणामी त्या गावांत शाळा दोन, मतदारयाद्या दोन आणि शिधापत्रिकाही दोन. एका घरातील थोरला मराठी शाळेत आणि धाकटा तेलुगू शाळेत जाऊ शकतो. बाहेरच्या माणसास ही चैन वाटते. परंतु आपले गाव कोणत्या राज्यात, या प्रश्नाचे एकच उत्तर ज्या मुलास देता येत नाही, त्याने ‘माझे गाव’ हा निबंध कोणत्या भाषेत लिहावा?

ही गोष्ट एकतर्फी आहे असे कोणी समजू नये. चेन्नूरच्या पुढे प्राणहिता ओलांडली की महाराष्ट्राचा सिरोंचा तालुका लागतो. तेथे तेलुगू बोलणारी घरे पुष्कळ आहेत, आणि तेथील मूल आईजवळ तेलुगू बोलून मराठी शाळेत जाते. येथे जे दुःख मराठी आईचे, तेच नदीपलीकडे तेलुगू आईचे. म्हणून या प्रश्नाचा विचार करताना कोणाही एका भाषेचा झेंडा खांद्यावर घेऊन चालणार नाही.

घरातला लहान दुभाषी

जी कुटुंबे अलीकडे पोटापाण्यासाठी चंद्रपूर-गडचिरोलीकडून येथे आली, त्यांच्या घरांत एक विलक्षण उलटापालट घडते. बाप कामावर मोडकीतोडकी तेलुगू शिकतो. आई घर व शेजार यांपुरतीच राहते. मूल मात्र सहा महिन्यांत शेजारपाजारच्या पोरांइतके अस्खलित बोलू लागते. मग बँकेत, रेशन दुकानात, शाळेच्या पालकसभेत, दवाखान्यात, जेथे तेथे पुढे उभे राहते ते मूल. आईबाप त्याच्या तोंडाकडे पाहतात. लोक कौतुक करतात: “पोरगी किती हुशार!”

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची गोष्ट येथे सांगतो. बाप गवंडीकाम करणारा, आईस मराठीखेरीज दुसरी भाषा नाही, मुलगी अकरा वर्षांची. आई गरोदर होती व तिची प्रकृती बिघडली. बाप परगावी कामावर गेलेला, म्हणून मुलगीच तिला तपासणीस घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासून जे सांगावयाचे ते शांतपणे, समजेल अशा तेलुगूत सांगितले. त्यांत त्यांचा काही दोष नव्हता. समोर दुसरे कोणी मोठे माणूस नव्हते. पोटातील बाळ जिवंत नाही, असे ते सांगणे होते. आईने विचारले, “काय म्हणाल्या गं?” मुलीने उत्तर दिले, “विश्रांती घ्यायला सांगितलीय. बाबांना बोलवायला सांगितलंय.”

त्या रात्री बाप घरी पोहोचेपर्यंत ती मुलगी ते वाक्य एकटी पोटात घेऊन बसली होती. तिने आईसाठी भात टाकला, धाकट्या भावाला जेवू घातले, आणि बाप दारात दिसताच त्याला ओट्यावरच थांबवून कानात सांगितले. ही हकीकत पुढे बापानेच आम्हांस सांगितली. तो म्हणाला, “फादर, तिला तेलुगू येतं याचा मला लई अभिमान होता. त्या दिवशी वाटलं, तिला ते शब्द कळलेच नसते तर बरं झालं असतं.”

आई त्या दुखण्यातून बरी झाली. मुलगी शाळेत जाते, चांगली शिकते. परंतु ज्या वयात आईने मुलापासून वाईट बातमी लपवावयाची, त्या वयात मुलीने ती आईपासून लपविली, हे विसरता येत नाही. दोन भाषा येणे हे धन खरेच. पण ते धन लेकराच्या डोक्यावर ओझे म्हणून लादले जाऊ नये, हे पाहणे मोठ्यांचे काम आहे.

‘दीड पिढी’चे लोक

असा अनुभव घेणारे आपणच जगात एकटे नाही. पार पूर्वेकडील कोरिया देशाचे उदाहरण पाहा. १३ जानेवारी १९०३ रोजी ‘गेलिक’ नावाच्या आगबोटीतून कोरियन मजुरांचा पहिला जथा हवाई बेटांत उतरला. उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी ती माणसे आली होती. पुढे १९६५ साली अमेरिकेने परदेशी लोकांस प्रवेश देण्याचा कायदा सैल केला, तेव्हा कोरियन कुटुंबे मोठ्या संख्येने तेथे जाऊन राहिली. त्यांच्यांत आईबापांबरोबर लहानपणीच गेलेल्या मुलांसाठी एक शब्द रूढ झाला: ‘इलजोम-ओसे’. त्याचा अर्थ, ‘दीड पिढी’. परदेशी गेलेली आईबापांची पहिली पिढी, तेथे जन्मलेल्यांची दुसरी. आणि जी मुले एका देशात जन्मली व दुसऱ्या देशात वाढली, ती धड पहिलीत नाहीत व धड दुसरीत नाहीत.

आपल्या भाषेत ‘दीड’ या शब्दाचे नशीब काही चांगले नाही. दीडशहाणा म्हणजे फाजील शहाणा, आणि दीड दमडीचा म्हणजे कवडीमोल. पण हिशेबाने पाहिले तर दीड म्हणजे एकाहून अर्धे अधिक. मूल अर्धे मराठी व अर्धे तेलुगू, असे आपण म्हणतो तेव्हा त्याला अपुरे ठरवितो. तेच मूल पूर्ण मराठी आणि त्यावर आणखी काही, असे का म्हणू नये?

कोरियन घरांतील एक अडचण आपल्या वाचकांस चटकन समजेल. त्या भाषेत समोरच्या माणसाचे वय व मान पाहून क्रियापद बदलते. आजोबांशी बोलण्याचे रूप वेगळे, धाकट्या भावाशी बोलण्याचे वेगळे. इंग्रजी शाळेत वाढलेले मूल ही रूपे विसरते आणि आजोबांशी धाकट्या भावाच्या रूपात बोलते. त्याच्या मनात अनादर नसतो, पण आजोबांच्या मनास लागते. आपल्याकडे ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांचा तोल असाच नाजूक आहे. तेलुगू शाळेतील आमची मुले निराळ्या ठिकाणी अडखळतात. तेलुगूत ‘ती आली’ आणि ‘ते आले’ यांस क्रियापदाचे एकच रूप आहे, ‘वच्चिंदि’. स्त्रीलिंग व नपुंसकलिंग तेथे एकाच पंक्तीस बसतात. मग सुट्टीत चंद्रपुरास गेलेला नातू ओरडतो, “आजी आलं!” आणि सारे घर हसते. हसणारांच्या मनात काही वाईट नसते. पण पुढच्या सुट्टीत तो नातू आजीकडे गप्प गप्प राहतो. हसण्याने मुकी झालेली अशी मुले आम्ही पाहिली आहेत.

अशाच मुलांचा विचार अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रूथ हिल उसीम यांनी केला, आणि त्याची सुरुवात आपल्याच देशात झाली. १९५० च्या दशकात त्या व त्यांचे पती जॉन उसीम भारतात येऊन राहिले व येथे काम करणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचे जीवन त्यांनी अभ्यासिले. तेथून ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ ही कल्पना पुढे आली. आईबापांची संस्कृती एक, भोवतालच्या देशाची दुसरी, आणि या दोहोंच्या मध्ये मुले आपापसांत जे जग उभारतात ते तिसरे. मंचेरियलच्या एखाद्या वसाहतीत मराठी, तेलुगू, उर्दू व गोंडी घरांतील पोरे क्रिकेट खेळताना जी भाषा बोलतात ती ऐकावी. अपील तेलुगूत, भांडण उर्दूत, आणि चेंडू हरवला म्हणजे मराठीत ‘आई गं!’ ती कोणत्याही व्याकरणात बसत नाही, पण ती त्यांची स्वतःची असते.

भीती किती खरी?

आईबापांस दोन भीती वाटतात. पहिली, दोन भाषांच्या गोंधळात मुलाची बुद्धी मंद होईल. ही समजूत फार दिवस विद्वानांचीही होती. परंतु १९६२ साली एलिझाबेथ पील व वॉलेस लॅम्बर्ट या कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी माँट्रियल शहरातील दहा वर्षांच्या मुलांची परीक्षा घेतली. फ्रेंच व इंग्रजी अशा दोन्ही भाषा नीट येणारी मुले एकच भाषा येणाऱ्या मुलांपेक्षा बुद्धीच्या कसोट्यांत मागे नव्हती, उलट पुढे होती. तेव्हापासून ही भीती बरीच निवळली आहे.

दुसरी भीती अशी की, घरची भाषा सोडली नाही तर मूल बाहेरच्या जगात मागे पडेल. याचेही उत्तर मिळाले आहे. अलेहांद्रो पोर्तेस व रुबेन रुम्बाउत या समाजशास्त्रज्ञांनी १९९२ पासून अमेरिकेच्या सॅन डिएगो व दक्षिण फ्लोरिडा भागांत स्थलांतरित कुटुंबांतील ५,००० हून अधिक विद्यार्थ्यांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. त्यांस दिसले ते असे: बहुतेक मुलांची घरची भाषा हळूहळू सुटत जाते, पण ज्यांना बाहेरची भाषा उत्तम येते आणि घरचीही सुटलेली नाही, त्यांचा स्वतःवरील विश्वास अधिक असतो, त्यांच्या आकांक्षा मोठ्या असतात आणि आईबापांशी त्यांचे खटके कमी उडतात. मूल भराभर पुढे गेले व आईबाप मागेच राहिले, की घरातील अधिकार मुलाच्या हाती जातो आणि खरा बिघाड तेथे सुरू होतो. त्या गवंड्याच्या मुलीची गोष्ट आठवली म्हणजे हा सिद्धांत समजण्यास दुसरे पुस्तक नको.

भाषा टिकते ती घरातच, याचा दाखला आपल्या इतिहासातही आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर मराठे तंजावरास गेले. राज्य गेले, दरबार गेला, भोवती तमिळ समुद्र पसरलेला. तरी त्या मंडळींच्या वंशजांच्या घरांत आपल्या विशिष्ट वळणाची मराठी आजही बोलली जाते. आमच्या आदिलाबादकडे ‘आरे’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या शेतकरी समाजानेही मराठी बोली अशीच चुलीपाशी सांभाळली आहे. तिला शाळेचा आधार नव्हता, आजीचा होता.

उलट दिशेने पाहावयाचे तर सेतुमाधवराव पगडींचे नाव घ्यावे लागेल. १९१० साली निलंग्यास जन्मलेला हा मराठी माणूस हैदराबाद संस्थानाच्या मुलकी सेवेत वाढला. त्याने उर्दू-फारसी आत्मसात केली, आदिलाबादच्या गोंडांची भाषा शिकून घेतली, त्यांच्यावर ग्रंथ लिहिला आणि शिवकालाचा इतिहासकार म्हणून मराठीत मानाचे स्थान मिळविले. आपल्या आत्मचरित्रास त्यांनी ‘जीवनसेतू’ हे नाव दिले. आणि फादर स्टीफन्स यांस आपले वाचक कसे विसरतील? १५७९ साली गोव्यास आलेल्या त्या इंग्रज धर्मगुरूने मराठी इतकी आपलीशी केली की १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. प्रौढ वयात परकी भाषा हृदयाशी धरता येते, याचे याहून मोठे प्रमाण आपल्या समाजास नको.

सण एक, नावे दोन

मुलाने एक संस्कृती निवडावी व दुसरी टाकावी असा हट्ट धरणाऱ्यांनी आपल्या भागातील सणांकडे पाहावे. चैत्र शुद्ध प्रतिपदेस मराठी घरांत गुढी उभारतात व कडुनिंबाची पाने गुळाबरोबर खातात. त्याच दिवशी तेलुगू घरांत उगादी असते आणि निंबाचा मोहोर, गूळ, चिंच व कैरी यांची पचडी करतात. कडू व गोड एकत्र गिळावयाचे, हा धडा दोन्ही अंगणांत एकच. गंमत अशी की तेलुगूत ‘गुडि’ म्हणजे देऊळ आणि ‘बडि’ म्हणजे शाळा. त्यामुळे पहिलीतले मराठी पोर ‘गुढी’ कोठे आणि ‘गुडि’ कोठे, या कोड्यात दोन दिवस हिंडते.

भाद्रपद अमावस्येपासून तेलंगणात बतुकम्मा सुरू होते. मुली-बायका फुलांचा मनोरा रचून त्याभोवती फेर धरतात. त्यांतील ‘तंगेडु’ म्हणजे आपला तरवड आणि ‘गुनुगु’ म्हणजे आपला कुरडू. महाराष्ट्राच्या बांधावर ही फुले कोणी सहसा खुडत नाही. येथे ती मानाने घरी येतात. त्याच दिवसांत विदर्भात भुलाबाईची गाणी चालू असतात आणि देशावर भोंडला. ज्या मुलीस दोन्ही फेर येतात, तिचे काय उणे झाले? बासरच्या सरस्वतीच्या देवळात तेलुगू कुटुंबे आणि नांदेडकडील मराठी कुटुंबे मुलाच्या हाताने पहिले अक्षर गिरवून घेण्यास येतात. एकाच ओसरीवर एक मूल वाटोळी तेलुगू अक्षरे काढते आणि दुसरे बाळबोध. आपल्या ख्रिस्ती घरांतही हे नवे नाही. आदिलाबादचा धर्मप्रांत १९९९ साली चांद्याच्या धर्मप्रांतातून वेगळा झाला. त्यात केरळातून आलेल्या मल्याळी धर्मगुरूंनी तेलुगू, मराठी व गोंडी बोलणाऱ्या लोकांत आयुष्य घालविले आहे. आपली मातृभाषा न विसरता त्यांनी दुसऱ्याची शिकून घेतली.

आईबापांनी काय करावे?

आता व्यवहाराचे बोलू. पहिली गोष्ट, मुलास तेलुगू मनापासून शिकू द्यावे. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातील सर्व शाळांत पहिलीपासून दहावीपर्यंत तेलुगू सक्तीची झाली आहे. महाराष्ट्रानेही २०२० साली मराठीविषयी तसाच कायदा केला. ज्या भूमीचे अन्न खावयाचे तिची भाषा शिकणे हे कर्ज नव्हे, ती कृतज्ञता होय. घरी बसून तेलुगूची टिंगल करणारा बाप मुलाच्या मनात मराठीचे प्रेम निर्माण करीत नाही. तो त्यास फक्त दोन ठिकाणी अपराधी बनवितो.

दुसरी, घरात मराठी सोडू नये. मूल तेलुगूत उत्तर देईल; देऊ द्यावे. आपण मराठीतच बोलत राहावे. त्याची चूक झाली तर हसू नये, रागावू नये. बरोबर वाक्य सहज बोलून दाखवावे. “आजी आलं” म्हणाला तर “हो, आजी आली” एवढेच पुरे. देवनागरी हिंदीमुळे त्यास कदाचित येतच असेल. तेव्हा महिन्यास एक पत्र आजीस लिहावयास लावावे. भ्रमणध्वनीवर दोन शब्द बोलण्यापेक्षा चार ओळी लिहिण्याने भाषा अधिक रुजते.

तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची: आईने तेलुगू शिकावी. रोज चार शब्द घेतले तरी वर्षात दवाखान्यापुरती, शाळेपुरती भाषा हाती येते. शिकविणारी शेजारीणच असते, आणि मोबदल्यात तिला पुरणपोळी शिकविता येते. आई ज्या दिवशी स्वतः दुकानदाराशी बोलेल, त्या दिवशी मुलाच्या खांद्यावरचे जू उतरेल. आईची लाज वाटणेही बहुधा त्याच दिवशी संपेल. जोवर ती शिकत आहे तोवर दवाखान्यात, पोलीसठाण्यात, कचेरीत लेकरास दुभाषी म्हणून नेऊ नये. कोणी वडीलधारे माणूस सोबत घ्यावे. धर्मग्रामात अशी दोन भाषा जाणणारी चार माणसे सहज निघतील. त्यांनी आपली नावे देऊन ठेवावी, इतकेच.

चौथी, समाजाने करावयाची. अमेरिकेतील कोरियन मंडळींनी जेथे देऊळ बांधले तेथे बहुधा शनिवारी-रविवारी मुलांसाठी मातृभाषेची शाळाही चालविली. मोठा खर्च नाही. एक फळा, खडू आणि ज्यास मुलांचा लळा आहे असे एक माणूस. रविवारच्या मिस्सेनंतर एक तास मराठी वाचन व गोष्टी, असा क्रम आपणही धरू शकतो. त्यात तेलुगू शेजाऱ्यांच्या मुलांसही बसू द्यावे. आपल्या राज्यघटनेत १९५६ साली कलम ३५०-अ घालण्यात आले, त्यात भाषिक अल्पसंख्य मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याची अपेक्षा राज्यांकडून केली आहे. हा हक्क जेथे मागण्याइतकी मुले असतील तेथे अवश्य मागावा. पण सरकारी शाळा निघेपर्यंत रविवारचा तास थांबविण्याचे कारण नाही.

एक लहानसा शब्द

शेवटी भाषेतीलच एक गोष्ट सांगतो. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘आम्ही जेवायला जातो’ म्हटले तर ऐकणारा बाहेर राहिला. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटले तर तोही पंक्तीत आला. इंग्रजीत हा भेद नाही. तेलुगूत मात्र तो नेमका आहे: ‘मेमु’ म्हणजे आम्ही, ‘मनमु’ म्हणजे आपण. मराठीत हा भेद शेजारच्या द्राविड भाषांच्या सहवासाने दृढ झाला, असे भाषेचे अभ्यासक मानतात. म्हणजे शेजाऱ्याला आपल्यात मोजण्याचा हा शब्दभेद जपावयास आपण आपल्या शेजाऱ्यांच्याच संगतीत शिकलो.

दोन अंगणांत वाढणारे मूल दिवसभर हेच चाचपीत असते: येथे मला ‘आपण’मध्ये धरतात की नाही? शाळेत ‘मनमु’ म्हणताना आपल्याकडे पाहिले जाते की नाही? सुट्टीत आजोळी ‘आपण’ म्हणताना त्यात मी असतो की मी ‘त्या तेलुगूंकडचा’ असतो? दोन्हीकडून त्यास ‘तुम्ही’ अशी हाक आली, तर ते मूल कोठलेच राहत नाही. दोन्हीकडून ‘आपण’ आली, तर त्यास दोन घरे मिळतात. ही हाक देण्यास कायदा लागत नाही, पैसा लागत नाही. ती देणे शिक्षकाच्या हाती आहे, शेजाऱ्याच्या हाती आहे, आजोळच्या मंडळींच्या हाती आहे. येत्या मे महिन्यात तेलंगणातील नातवंडे सुट्टीस येतील, तेव्हा त्यांच्या बोलण्यातील चुका मोजण्याआधी त्यांस पंक्तीत पाट मांडावा, आणि म्हणावे, “चला, आपण जेवू या.”